अध्यापक शिक्षण : तंत्रज्ञान आणि महाविद्यालय-शाळा सहकार्य

शालेय शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला, म्हणजे छात्राध्यापकाला, सेवेत येण्यापूर्वी घडवताना ध्वनिचित्रमुद्रण, संगणक व दूरसंपर्काची साधने वापरणे आणि या घडणीची जबाबदारी अध्यापक महाविद्यालय, विद्यापीठ व शाळा यांनी वाटून घेणे, अशा दोन पद्धतींचा येथे एकत्र विचार केला आहे. त्या एकत्र आल्या अलीकडे. त्यांचे उगम मात्र वेगवेगळ्या काळातले आहेत.

सहकार्याचा आरंभ कोठे मानावा याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मागे नेतात आणि जर्मन शिक्षणतज्ज्ञ हेर्बार्ट याने कोनिग्झबर्ग येथे आपल्या अध्यापनशास्त्रीय परिसंवादाला जोडून चालवलेल्या छोट्या शाळेकडे बोट दाखवतात. अमेरिकेत १८३९ मध्ये लेक्सिंग्टन येथे निघालेल्या अध्यापक विद्यालयाला आदर्श शाळा जोडलेली होती, तर फिनलंडमध्ये १८६३ मध्ये यूव्हॅस्क्यूला येथे सुरू झालेल्या अध्यापक विद्यालयातही सराव शाळेची व्यवस्था होती. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई याने १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात काढलेली प्रयोगशाळा-शाळा ही या परंपरेतील पुढची पायरी, असे अनेकदा लिहिले जाते. परंतु त्या शाळेचा मुख्य हेतू शिक्षक तयार करणे हा नव्हता, तर शिक्षणविषयक कल्पना पडताळून पाहणे हा होता. छात्राध्यापकाने शाळेत जाऊन रूढ हातोटी उचलावी (शिकाऊ उमेदवारी) की शाळेत जे घडते त्याचा विचार करायला शिकावे (प्रयोगशाळा), हा भेद ड्यूईने १९०४ च्या एका निबंधात मांडला असून या क्षेत्रातील बहुतेक वाद आजही त्याच्याच भोवती फिरतात.

वरील सर्व उदाहरणांत सराव शाळा ही शिक्षक घडवणाऱ्या संस्थेच्याच मालकीची किंवा तिच्या अधीन होती. दोन स्वायत्त संस्थांनी बरोबरीच्या नात्याने एकत्र येणे हा सहकार्याचा निकष धरला, आणि तो धरणे अधिक सयुक्तिक वाटते, तर आरंभ १९८० च्या दशकात ठेवावा लागतो. अमेरिकेतील होम्स गट या विद्यापीठांच्या संघाने १९८६ मध्ये आपला पहिला अहवाल प्रसिद्ध केला आणि अशा शाळांसाठी ‘व्यावसायिक विकास शाळा’ हे नाव रूढ केले. त्याच वर्षीच्या कार्नेगी कृतिगटाच्या अहवालात वैद्यकीय शिक्षणातील रुग्णालयाच्या धर्तीवर ‘चिकित्सालयीन शाळा’ हा शब्द आहे, तर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन गुडलॅड याने ‘भागीदार शाळा’ ही संज्ञा पसंत केली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९८७ मध्ये परिसरातील माध्यमिक शाळांबरोबर आंतरवासितेची (शाळेत दीर्घकाळ राहून काम शिकण्याची) योजना सुरू केली. पुढे १९९२ मध्ये तेथील शासनाने माध्यमिक शिक्षकांच्या ३६ आठवड्यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील २४ आठवडे शाळेतच घालवण्याचे बंधन घातले. त्यामुळे जे स्वेच्छेचे होते ते नियमाचे झाले आणि शाळेतील मार्गदर्शक शिक्षकाच्या वेळेचा मोबदला कोणी द्यायचा, हा प्रश्न ऐरणीवर आला.

तंत्रज्ञानाच्या बाजूने निर्णायक ठरले ते सूक्ष्म अध्यापन. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन, रॉबर्ट बुश, कीथ ॲचिसन आदींनी ते विकसित केले. बऱ्याच भारतीय पाठ्यपुस्तकांत त्याचे वर्ष १९६१ दिलेले आढळते आणि ॲचिसन याने सुवाह्य ध्वनिचित्रमुद्रकाविषयीची वृत्तपत्रातील बातमी वाचल्याची हकीगतही सांगितली जाते. ॲलन यांच्या १९६९ च्या ग्रंथातील १९६३ हे वर्ष अधिक ग्राह्य मानावे; बातमीची हकीगत एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आलेली दिसते. पद्धत अशी, की छात्राध्यापकाने चार-पाच विद्यार्थ्यांसमोर सुमारे पाच मिनिटांचा पाठ घ्यायचा, त्यात प्रश्न विचारणे, उद्दीपन बदल (लक्ष टिकवण्यासाठी आवाज, हालचाल बदलणे) किंवा प्रबलन (योग्य प्रतिसादाला प्रोत्साहन देणे) यांसारखे एकच कौशल्य हाताळायचे, मग चित्रफीत पाहून, मार्गदर्शकाशी बोलून, तोच पाठ दुसऱ्या विद्यार्थ्यांपुढे पुन्हा घ्यायचा.

चित्रफितीत काय दिसते, ते अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो हिच्या संशोधनावरून लक्षात येते. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि ही विश्रांती तीन सेकंदांवर नेली तर विद्यार्थ्यांची उत्तरे लांब व अधिक सविस्तर होतात, असे तिला आढळले. आपण थांबलो होतो असे छात्राध्यापकाला प्रामाणिकपणे वाटत असते. फीत मागे नेऊन पाहिली की स्वतःच विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच देणारा आवाज त्याला ऐकू येतो. मात्र हे ऐकू येण्यासाठी कोठे लक्ष द्यायचे ते माहीत असावे लागते. शेजारी कोणी नसेल तर नवखा मनुष्य फितीत आपले केस, आपला आवाज आणि हातवारेच पाहत बसतो. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात असे प्रतिपादन केले, की सूक्ष्म अध्यापनाने वर्तनाच्या सुट्या सवयी लागण्यापेक्षा छात्राध्यापकाच्या अध्यापनविषयक संकल्पना बदलतात. स्टॅनफर्डच्या मूळ वर्तनवादी, म्हणजे सवयींवर भर देणाऱ्या, स्पष्टीकरणापेक्षा हे मत पुढील काळात अधिक टिकले. शिक्षणसंशोधक जॉन हॅटी याने २००९ मध्ये सूक्ष्म अध्यापनाचा परिणामांक (एखाद्या उपायाचा परिणाम किती मोठा ते सांगणारा आकडा) ०.८८ इतका उच्च दिला आहे. तो अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्या ज्या मोजक्या संकलनांवर आधारलेला आहे ती बहुतांशी १९८० व १९९० च्या दशकांतील असल्याने त्याचा हवाला देताना सावधगिरी बाळगावी.

भारतात या पद्धतीचा पहिला वापर सर्वसाधारणपणे १९६७ मधील अलाहाबाद येथील डी. डी. तिवारी यांच्या प्रयत्नाशी जोडला जातो. व्यापक संशोधन १९७० च्या दशकात बडोदा येथे, मुख्यतः बी. के. पासी यांच्या पुढाकाराने झाले. भारतात रूढ झालेले चक्र ३६ मिनिटांचे आहे : पाठ ६, प्रत्याभरण (पाठावरील अभिप्राय) ६, पुनर्नियोजन १२, पुनर्पाठ ६ आणि पुनर्प्रत्याभरण ६. ध्वनिचित्रमुद्रण-यंत्र परवडणारे नसल्याने ते वगळले गेले, निरीक्षण-पत्रिका त्याच्या जागी आली आणि विद्यार्थ्यांची भूमिका सहाध्यायी छात्राध्यापकांनीच वठवली. यंत्राविनाही पद्धत तग धरून राहिली ही बाब लक्षणीय आहे. पण उत्तर ठाऊक असलेला पदवीधर चुकीचे उत्तर देण्याचा अभिनय करतो तेव्हा मुलाची खरी चूक त्यातून उमटत नाही, हा दोष कॅमेऱ्याच्या अभावापेक्षा मोठा ठरला. सेतुपाठ (सुटी कौशल्ये एकत्र गुंफणारे पाठ) व शाळेतील सराव पाठ यांनी तो काही अंशी भरून निघतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील कामासाठी २० आठवडे राखून ठेवले.

दोन्ही प्रवाह जाणीवपूर्वक एकत्र आणण्याचा एक ठळक सरकारी प्रयत्न म्हणजे अमेरिकेच्या शिक्षण विभागाने १९९९ मध्ये सुरू केलेला, उद्याच्या शिक्षकांना तंत्रज्ञानासाठी तयार करण्याचा अनुदान कार्यक्रम. त्यातील अनुदान एकट्या महाविद्यालयाला न देता विद्यापीठे, दोन वर्षांची सामुदायिक महाविद्यालये, शालेय जिल्हे (स्थानिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्था) इत्यादींच्या संघांना दिले जाई. अनेक भावी शिक्षक आपल्या पदवी-शिक्षणाची पहिली वर्षे सामुदायिक महाविद्यालयातच घालवत असल्याने ही महाविद्यालये बाहेर ठेवणे गैरसोयीचे होते. या काळात संगणक हाताळण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम पुरेसा नाही, हे मत बळावले. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन याने १९८६ मध्ये मांडलेल्या ‘आशयाधिष्ठित अध्यापनज्ञान’ (विशिष्ट विषय कसा शिकवावा याचे ज्ञान) या कल्पनेत पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची भर घातली. आशय, अध्यापन व तंत्रज्ञान यांची एकमेकांत शिरणारी तीन वर्तुळे दाखवणाऱ्या या आराखड्याच्या आकृतीला मोठी लोकप्रियता लाभली. वर्तुळांच्या सीमा प्रत्यक्षात आखता येतात का, हा आक्षेप मात्र कायम आहे.

त्यानंतरच्या साधनांत छात्राध्यापकाच्या कानात सूचना पोहोचवणारे श्रवणयंत्र, दूरच्या शाळेतील पाठाचे आंतरजालावरून निरीक्षण आणि आभासी वर्ग यांचा समावेश होतो. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात विकसित झालेल्या आभासी वर्गात पडद्यावर दिसणारे विद्यार्थी चित्ररूप असले, तरी त्यांच्यामागे एक प्रशिक्षित माणूस बसून बोलत असतो. दूरनिरीक्षणामुळे प्राध्यापकाचा प्रवास वाचतो, परंतु कॅमेरा फळ्याकडे रोखलेला असेल तर मागच्या बाकावर काय चालले आहे ते त्याच्या नजरेतून सुटते. मुलांचे चित्रण करण्यासाठी पालकांची संमती कोणी घ्यायची आणि फिती कोणाकडे राहायच्या, याची तरतूद महाविद्यालय व शाळा यांच्यातील करारात लेखी करण्याची प्रथा आता पडत आहे.