अरबी बोलताना: दीर्घ स्वर वेगळा, आघात वेगळा

अरबी शिकणारा मराठी माणूस या दोन गोष्टींची हमखास गल्लत करतो, कारण कानाला दोन्हीही ‘जोर’च वाटतात. दीर्घ स्वर म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ. आघात म्हणजे शब्दातलं कोणतं अक्षर (एका झटक्यात म्हटला जाणारा तुकडा) उठून ऐकू येतं ते.

गल्लत व्हायला कारणही आहे. ‘मतर’ म्हणजे पाऊस, आघात ‘म’वर. ‘मतार’ म्हणजे विमानतळ, आघात ‘तार’वर. स्वर लांबला आणि आघातही सरकला, कारण अरबीत आघाताची जागा अक्षराच्या वजनावर ठरते. शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर आणि त्यापुढे व्यंजन असेल, किंवा ऱ्हस्व स्वर आणि त्यापुढे दोन व्यंजनं असतील, तर आघात तिथेच. नसेल तर शेवटून दुसरं अक्षर बघायचं. ते जड असेल तर आघात त्यावर. जड म्हणजे दीर्घ स्वराचं किंवा व्यंजनाने बंद झालेलं. शाळेत वृत्तांचे लघू-गुरू मोजले असतील तर हा हिशेब ओळखीचा वाटेल: जोडाक्षराआधीचं अक्षर तिथेही गुरूच.

तरीही या दोन गोष्टी एक नाहीत. प्रमाण अरबीत ‘कतब’ (शेवटचा अ पूर्ण म्हणायचा) म्हणजे त्याने लिहिलं, ‘कातब’ म्हणजे त्याने पत्रव्यवहार केला. आघात दोन्हींत पहिल्याच अक्षरावर. अर्थ बदलतो तो केवळ लांबीमुळे.

उलट बाजू ‘मदरसा’ या शब्दात दिसते. अरबीत त्याचा शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे: मद्-र-स. बैरूत-दमास्कसकडे आघात ‘मद्’वर, कैरोत मात्र मधल्या ‘र’वर. कैरोचा उच्चार उचलताना ‘मद्रास’ म्हणायचा मोह होतो, तो आवरायला हवा. तो ‘र’ आघात घेऊनही ऱ्हस्वच राहतो.

बोलण्याचा सूर या आघाताला धरून चालतो. हो-नाही प्रश्नाच्या शेवटी ‘मद्रस’ आला तर सुराची शेवटची मोठी हालचाल बैरूतमध्ये ‘मद्’च्या आसपास होते, कैरोत ‘र’च्या. शिवाय कैरोच्या बोलीत जवळजवळ प्रत्येक अर्थवाही शब्दावर सूर उठतो. म्हणून आघात चुकला की सगळ्या वाक्याची चाल बिघडते. शिकताना मी लांबीला पहिला मान देईन, कारण ती चुकली तर अर्थच बदलतो. पण कैरोत लांबीही आघाताच्या हातात जाते: ‘किताब’मधला ‘ता’ दीर्घ, पण दोन पुस्तकं म्हणताना आघात पुढे ‘बेन’वर जातो आणि शब्द होतो ‘कितबेन’.