अण्णा भाऊ साठे : मुंबईतील कथाकार

अण्णा भाऊ साठे (१ ऑगस्ट १९२० – १८ जुलै १९६९). मराठी कथाकार, कादंबरीकार व लोकशाहीर. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म वाटेगाव (ता. वाळवा, तेव्हाचा सातारा जिल्हा, आताचा सांगली) येथे मातंग समाजात. आईचे नाव वालूबाई. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा, असे सांगितले जाते. इंग्रज सरकारने मांग समाजावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला होता. गावात चोरी झाली की पहिली धाड मांगवाड्यावर पडायची. पोलीस, त्यांच्यापुढची रोजची हजेरी आणि तुरुंग त्यांच्या कथांत वारंवार येतात, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

वडील मुंबईत माळीकाम करत. दुष्काळ आणि कर्जाने गाव सुटले, तेव्हा हे कुटुंब वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी आले. मुलगा तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. हमाली, मिळेल ती अंगमेहनत आणि पुढे गिरणीतली नोकरी अशी त्यांची पहिली वर्षे गेली. अक्षरओळख त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून पक्की केली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांना कम्युनिस्ट चळवळ भेटली आणि तिच्याबरोबर वाचनाची गोडी लागली. मॅक्सिम गॉर्की हा त्यांचा सर्वांत आवडता लेखक. तळातल्या माणसाकडे कीव न करता पाहायचे कसे, हे त्यांनी गॉर्कीकडून घेतले.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाडे, लावण्या, वग आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले त्यांचे काम हा स्वतंत्र नोंदीचा विषय आहे. कथेच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट महत्त्वाची ठरते. गिरणगावातल्या मैदानात कामावरून थकून आलेल्या माणसांपुढे उभे राहून बोलायची त्यांना सवय झाली होती. असा श्रोता रेंगाळलेल्या प्रस्तावनेला थांबत नाही. म्हणून अण्णा भाऊंची कथा पहिल्याच परिच्छेदात माणसाला संकटात उभे करते. वाक्ये तोकडी, क्रियापदे जोरकस आणि निसर्गवर्णन दोन-तीन फटकाऱ्यांत आटोपलेले, अशी तिची घडण असते.

‘माझी दिवाळी’ ही त्यांची पहिली कथा १९४९ मध्ये ‘मशाल’ साप्ताहिकात आली. हा काळ नवकथेचा, म्हणजे मराठी कथेतल्या नव्या प्रवाहाचा. गिरगावात खटाववाडीतून ‘सत्यकथा’ हे मासिक निघत होते; गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांची कथा मध्यमवर्गीय मनाच्या तळाशी उतरत होती. त्याच शहरात घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून अण्णा भाऊ दुसऱ्या माणसांबद्दल लिहीत होते. त्यांच्या माणसांनाही मन आहे, पण ते उद्याच्या भाकरीपासून सुटे करून दाखवता येत नाही. चिरागनगरात त्यांची बावीस वर्षे गेली आणि बहुतेक सारे लेखन तिथेच झाले.

‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची सर्वश्रेष्ठ कथा आहे आणि मराठीतल्या मोजक्या श्रेष्ठ कथांत तिची जागा आहे. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईत येतो. शहरात काम मिळत नाही म्हणून तो उपनगराच्या कडेला दगडाच्या खाणीवर राबतो. पुढे खाण बंद पडते. एके दिवशी त्याला चितेच्या राखेत सोन्याचा तुकडा सापडतो आणि तिथून तो रात्री स्मशाने धुंडू लागतो. राख चाळायची, प्रेत उकरायचे आणि बाजारात सोने विकून घरात धान्य आणायचे, हा त्याचा धंदा होऊन बसतो. बायकोचे मन घाबरते. मुलगी नाबदा मात्र पोटभर जेवते. एका रात्री ताज्या पुरलेल्या श्रीमंताच्या प्रेतावर तो आणि कोल्ह्यांची टोळी एकाच वेळी पोहोचतात. माणूस आणि जनावर एकाच मढ्यासाठी झुंजतात. कोल्ह्यांना हुसकावून भीमा प्रेताच्या तोंडात बोटे घालतो आणि जबडा मिटतो. त्या जबड्यात त्याची दोन बोटे जातात. त्यानंतर बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. ज्या हातांनी डोंगर फोडायचा ते हात आता अधू झालेले असतात, आणि तो महाकाय गडी लहान मुलासारखा रडतो.

या कथेची ताकद भयानकतेत शोधणारे वाचक पुष्कळ आहेत. खरे तर ती हिशेबात आहे. भीमाला पाप-पुण्य कळत नाही असे लेखक कुठेही म्हणत नाही. जिवंतपणी राबून जे मिळत नाही ते मढे उकरून मिळते, एवढा साधा हिशेब तो करतो आणि त्या हिशेबात वाचकाला चूक काढता येत नाही. शहराने त्याला काम दिले असते तर तो स्मशानाकडे वळला नसता. खाणीच्या बातमीने हे सारे उघड होते. एकाही वाक्यात भाष्य न करता अर्थव्यवस्थेवरचा एवढा जळजळीत आरोप मराठी कथेत क्वचितच आला असेल.

‘बरबाद्या कंजारी’ मध्ये मुंबईतल्या कंजारी या भटक्या जमातीच्या वस्तीचे जग येते. जातपंचायतीच्या जाचापुढे मान न झुकवणारा बाप हा तिचा नायक. गिरणी कामगाराच्या पाठीशी निदान युनियन होती. खाणमजूर, भटके, कैदी, फुटपाथवरची माणसे यांच्या मागे कोणी नव्हते. त्यांना कथेत आणण्याचे काम अण्णा भाऊंनी केले. गावाकडच्या कथाही त्यांनी तितक्याच ताकदीने लिहिल्या. मेलेली गुरे ओढायला नकार देणाऱ्या महारवाड्यावर गावाने घातलेला बहिष्कार ‘सापळा’ मध्ये आहे. ‘विष्णुपंत कुलकर्णी’ मध्ये दुष्काळात उपाशी मांगांच्या बाजूने उभा राहणारा ब्राह्मण कुलकर्णी येतो. या कथेमुळे त्यांच्या दृष्टीचा विस्तार कळतो : त्यांचा राग व्यवस्थेवर होता, जन्मावर नव्हता. ‘खुळंवाडी’, ‘निखारा’, ‘गजाआड’, ‘आबी’, ‘चिरागनगरची भुतं’ हे त्यांचे इतर कथासंग्रह.

सगळ्या कथा सारख्या तोलाच्या नाहीत. काहींमध्ये नायक फार लवकर अजिंक्य होतो, खलनायक फार काळा रंगतो आणि योगायोग गरजेपेक्षा अधिक काम करतो. घाईत, पैशांच्या चणचणीत लिहिल्याच्या खुणा कादंबऱ्यांत जास्त दिसतात. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. कथेची चौकट मात्र त्यांना आवरून धरते. म्हणूनच केवळ ‘फकिरा’ ही कादंबरी वाचून त्यांना बाजूला ठेवणाऱ्याला हा लेखक अर्धाच कळतो.

२ मार्च १९५८ रोजी दादरला बंगाली हायस्कूलमध्ये पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याच्या उद्घाटनाच्या भाषणात, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित व कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असे त्यांनी सांगितले. ते विधान घोषणा म्हणून गाजले, पण भीमाच्या तुटलेल्या बोटांशेजारी ठेवून वाचले तर त्याचे वजन खरे कळते. ‘फकिरा’ (१९५९) त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियाला गेले आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिले. ‘वैजयंता’, ‘फकिरा’ यांसह त्यांच्या अनेक कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, तरी दारिद्र्य सुटले नाही. शेवटच्या काळात ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये राहायला गेले आणि तिथेच वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बाबूराव बागूल आणि त्यांच्या पुढच्या दलित कथाकारांना अण्णा भाऊंनी मळलेली वाट मिळाली. भारतीय टपाल खात्याने २००२ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले, भायखळ्याच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचे निवडक वाङ्मय प्रसिद्ध केले आहे. कथांपासून सुरुवात करणाऱ्या वाचकाने त्यात प्रथम ‘स्मशानातील सोनं’ आणि लगेच ‘सापळा’ वाचावी. एक शहराची, एक गावाची, दोन्ही एकाच बैठकीत संपतात.