वॉटर कूलिंगची देखभाल: पाण्यात काय मिसळतंय ते बघा

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला ठिबक का चोंदतं हे कुणी सांगावं लागत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार ड्रीपरच्या बारीक तोंडाशी साचतात, लॅटरलमध्ये शेवाळ धरतं आणि ओळीतल्या शेवटच्या वेलींपर्यंत पाणी पोहोचेनासं होतं. मग लॅटरल फ्लश करायच्या, ॲसिड सोडायचं, फिल्टर धुवायचा. नाशिक शहरात व्हिडिओ एडिटिंगवाले, रेंडरिंग करणारे आर्किटेक्ट आणि गेमिंगची आवड असलेली मुलं यांच्याकडे वॉटर कूलिंगचे जे संगणक असतात, त्यांच्या पोटातही हेच चालू असतं. बारीक वाटा, फिरतं कोमट पाणी आणि त्या पाण्यात विरघळलेलं काहीतरी. गळतीची भीती सगळ्यांना असते. आत हळूहळू काय साचतंय याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि खरी देखभाल तिथेच आहे.

मुळात पाणी का वापरायचं? आजचा दणकट प्रोसेसर कामाला लागला की १०० ते २५० वॉट उष्णता सोडतो, मोठं ग्राफिक्स कार्ड ३०० ते ४५० वॉट, काही कार्डं त्याहूनही जास्त. ही उष्णता नखाएवढ्या-बोटाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढायची असते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४२०० ज्यूल लागतात, एक लिटर हवेला सव्वा ज्यूलच्या आतच भागतं. म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. मोठ्या यंत्रांनी ही युक्ती फार आधी ओळखली. १९८५ चा क्रे-२ महासंगणक फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात अख्खा बुडवलेला होता. आपल्याकडे पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतला, सी-डॅकने बनवलेला ‘परम ब्रह्म’ महासंगणकही द्रवाने थंड होतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. पंप पाणी फिरवतो, ते चिपवरच्या ठोकळ्यात, म्हणजे वॉटर ब्लॉकमध्ये, उष्णता उचलतं आणि पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये ती सोडतं; या बंद फेऱ्याला लूप म्हणतात. म्हणजे ही उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच जाते. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातल्या कूलिंग टॉवरमध्ये थोडं पाणी वाफ होऊन उडतं, त्यामुळे उरलेलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होऊ शकतं. संगणकातलं पाणी बंद नळ्यांत फिरतं. तिथे बाष्पीभवन नाही, म्हणून ते खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही. पावसाळ्यात नळ्यांवर दव धरेल आणि मदरबोर्डवर ठिबकेल, अशी धास्ती अनेकांना असते. पण दव धरायला नळी हवेपेक्षा थंड असावी लागते, आणि इथे ती नेहमी थोडी गरमच असते. तेवढ्यापुरतं निर्धास्त राहावं.

पंपातून मिनिटाला चार लिटर पाणी फिरतंय आणि ते ४०० वॉट उष्णता उचलतंय, असं धरू. गणित केलं तर ब्लॉकमधून बाहेर पडणारं पाणी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा जेमतेम दीड अंशाने गरम निघतं. म्हणूनच पाणी आधी प्रोसेसरवरून न्यावं की आधी ग्राफिक्स कार्डवरून, यावरून चालणाऱ्या वादांना फारसा अर्थ नाही. पण वाटा चोंदून प्रवाह मिनिटाला अर्ध्या लिटरवर आला, तर हाच फरक साडेअकरा अंशांवर जातो. शिवाय मंद पाणी तांब्याकडून उष्णता नीट उचलतही नाही. पंप चालू असतो, आवाज येत असतो, नळीत पाणी दिसत असतं, आणि तरीही प्रोसेसर तापलेला असतो.

चोंदतं कुठे? वॉटर ब्लॉकमध्ये. प्रोसेसरवर बसणारा हा तांब्याचा ठोकळा उघडला की मधोमध एक छोटा चौकोन दिसतो, त्यावर कंगव्यासारख्या दाट रेषा कोरलेल्या. दोन रेषांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असते. अख्ख्या लूपमधली सगळ्यात अरुंद वाट हीच, त्यामुळे रेडिएटरमधून सुटलेला कण, शेवाळाचा तंतू, नळीतून निघालेला चिकटा, सगळं येऊन इथेच अडकतं. मित्राच्या एडिटिंग स्टुडिओतला असा एक ब्लॉक आम्ही उघडला. पाणी जिथून आत शिरतं तिथे पांढरट, बुळबुळीत थर होता, बोटाने ओढला की लांब येणारा. बाजूच्या फटी अगदी स्वच्छ होत्या. सगळा गाळ मधल्या पट्टीत, बरोबर जिथे खालची चिप सर्वांत गरम असते तिथे.

तो पांढरा चिकटा म्हणजे क्षार नव्हते, प्लास्टिसायझर होता. मऊ पारदर्शक नळ्या बहुधा पीव्हीसीच्या असतात, आणि पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ, वाकणारं व्हावं म्हणून कारखान्यात त्यात तेलकट रसायनं मिसळतात. महिनोन्महिने कोमट पाणी फिरलं की ती नळीतून सुटून पाण्यात येतात. नळी आतून धुरकट होते आणि सुटलेला माल ब्लॉकमध्ये जमतो. नळी धुरकट दिसली म्हणजे कूलंट (लूपमध्ये फिरणारा द्रव) खराब निघालं, असं समजून लोक नुसतं कूलंट बदलतात आणि नळी तीच ठेवतात. काही महिन्यांत पुन्हा तेच होतं. बदलायची असते ती नळी. काळ्या ईपीडीएम रबराच्या नळीत हे प्लास्टिसायझर नसतात आणि ती उजेडही आत येऊ देत नाही. दिसायला साधी आहे, पण ज्याला यंत्र शोभेसाठी नाही तर कामासाठी हवंय त्याने हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

क्षारांचं म्हणाल तर आपला भाग बेसॉल्टचा. या काळ्या खडकातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंच असतं. ते बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट उरतं. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॉट प्रति मीटर-केल्विन आहे, या थराची दोन-तीनच्या आसपास. त्यामुळे कागदाइतका पातळ थरही चिप आणि पाणी यांच्यामध्ये आडवा येतो. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी बोअरपेक्षा मऊ, पण त्यातही क्षार आणि क्लोरीन असतंच, आणि क्लोराइड धातूला खातं. आरओचं पाणीसुद्धा नको. घरगुती यंत्रं चवीसाठी त्यात मुद्दाम थोडे क्षार ठेवतात. हवं ते डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण तिथे एक खबरदारी घ्या: बॅटरीत टाकायचं पाणी आणि बॅटरीत भरायचं ॲसिड एकसारख्याच कॅनमध्ये मिळू शकतं. लेबल वाचा आणि घरी आणल्यावर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवून बघा. शुद्ध पाण्याचा आकडा शून्याच्या आसपास हवा.

मग नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरून भागेल का? भागत नाही. तीस-चाळीस अंशांचं, पारदर्शक नळीतलं, खिडकीच्या उजेडातलं पाणी शेवाळाला आणि जिवाणूंना छान मानवतं. म्हणून कूलंटमध्ये जंतुनाशक असतं, गंजरोधक असतं आणि बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल असतं. हेच ग्लायकॉल नाशिकच्या वायनरींत आंबवणीच्या टाक्यांभोवती फिरवलं जातं, तिथे टाकी थंड ठेवायला. द्राक्षाच्या डाऊनी रोगावर बोर्डो मिश्रणातलं मोरचूद चालतं, तर लूपमध्ये चिमूटभर टाकलं तर काय हरकत आहे, असं एकाने मला विचारलं होतं. तांब्याचे आयन शेवाळ मारतात हे खरं, आणि पूर्वी लोक ते वापरतही. पण लूपमध्ये कुठे निकेलचा मुलामा किंवा ॲल्युमिनियम असेल तर मोरचुदातलं तांबं त्यावर जाऊन बसतं आणि तिथला धातू झिजतो. तयार कूलंट असताना हा प्रयोग करू नये.

धातूंवरून आठवलं, तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवणं ही या छंदातली सर्वांत महाग चूक. गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचे प्रयोग १७९१ मध्ये छापले आणि व्होल्टाने १८०० मध्ये दोन धातूंच्या चकत्यांची बॅटरी केली. तीच बॅटरी इथे नकळत तयार होते. प्रमाण तक्त्यात तांब्याचं विद्युत विभव अधिक ०.३४ व्होल्ट आणि ॲल्युमिनियमचं उणे १.६६. मध्ये वीज वाहणारं पाणी आलं की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं. ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच घ्या. स्वस्त रेडिएटर घेताना हे आधी विचारा. कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या एआयओ कूलरमध्ये बहुधा ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याची प्लेट असते. तो आतल्या गंजरोधकाच्या जिवावर टिकतो, म्हणून तो उघडून त्यात साधं पाणी भरायचं नसतं.

आता प्रत्यक्ष सफाई. पारदर्शक कूलंट साधारण वर्षाने बदलावं. दुधाळ, रंगीत कूलंटमध्ये बारीक कण तरंगत असतात, ते खाली बसतात, म्हणून ते त्याआधीच काढावं. पाणी काढून झालं की ब्लॉक सोडवायचा, स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने सैल करत. ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) बाजूला स्वच्छ कपड्यावर ठेवायची. फटी जुन्या मऊ टूथब्रशने, रेषांच्या दिशेने घासायच्या. तारेचा ब्रश लावायचा नाही. चिकटा नुसत्या पाण्याने निघत नाही, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून घासला की निघतो. तांबं काळवंडलं असेल तर पातळ व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी चालतं, मात्र निकेलचा मुलामा असेल तर आम्ल अजिबात लावायचं नाही. ब्लॉकचं झाकण ॲक्रिलिकचं असेल तर त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागू द्यायचं नाही, बारीक तडे जातात. अल्कोहोल फक्त प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामध्ये लावलेली जुनी थर्मल पेस्ट पुसायला.

तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये गरम डिस्टिल्ड वॉटर घालून, दोन्ही तोंडं बंद करून जोरात हलवायचं. नवाकोरा रेडिएटरही असाच धुवावा, कारण त्यात झाळकामाच्या फ्लक्सचे अवशेष उरलेले असतात. क्षार धरले असतील तर एक भाग पांढरं व्हिनेगर, नऊ भाग पाणी, अर्धा-पाऊण तास. मग पुन्हा पुन्हा खळबळायचं. किती वेळा, याचं उत्तर टीडीएस मीटर देतो: आत ओतलेल्या पाण्याचा आकडा आणि बाहेर आलेल्या पाण्याचा आकडा सारखा झाला की थांबा.

बाहेरची धूळ वेगळीच. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि रस्त्यांची खोदकामं चालू असताना रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये धुळीचा नमदाच बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने भरधाव फिरलेला पंखा उलट वीज तयार करतो आणि बेअरिंगचीही वाट लागते.

पुन्हा भरताना घाई नको. मदरबोर्डचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क यांचेही वीज-कनेक्टर काढून ठेवा आणि पॉवर सप्लायच्या त्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी तार जम्परने जोडा, म्हणजे बाकी यंत्र मेलेलं आणि फक्त पंप चालू राहील. रिझर्व्हायर (पाण्याची छोटी टाकी) भरल्याशिवाय पंप सुरू करू नका. त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं, कोरडा फिरला की झिजतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा, यंत्र हळूच पुढे-मागे कलवून बुडबुडे काढा आणि एक दिवस तसंच चालू द्या. कुठे ठिबकलं तर वीज नसलेला बोर्ड वाळवून वाचवता येतो. ‘आमचं कूलंट वीज वाहत नाही’ या जाहिरातीवर विसंबू नका. अतिशुद्ध पाणी खरंच वीज जवळजवळ वाहत नाही, पण काही आठवडे तांब्यातून फिरलेलं आणि वर बोर्डावरची धूळ लागलेलं पाणी नक्की वाहतं.

काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका, विशेषतः त्यात एथिलीन ग्लायकॉल असेल तर. ते गोडसर लागतं आणि विषारी असतं. मुलं आणि कुत्री यांच्या हाताला-तोंडाला लागणार नाही अशा बंद कॅनमध्ये, लेबल लावून ठेवा, आणि घातक कचऱ्यातच द्या. गटारीतून ते शेवटी गोदावरीतच जायचं.

हे सगळं केव्हा करायचं, यासाठी मी तारखेपेक्षा दोन वजाबाक्यांवर भरवसा ठेवतो. सफाईनंतर लगेच, एकसारखं जड काम लावून तीन तापमानं लिहून घ्या: खोलीचं, पाण्याचं आणि चिपचं. समजा मे महिन्यात खोली ३६, पाणी ४६, चिप ७८. डिसेंबरात खोली १८, पाणी २८, चिप ६०. आकडे किती वेगळे दिसतात! पण पाणी वजा खोली दोन्ही वेळा १० आणि चिप वजा पाणी दोन्ही वेळा ३२. नाशिकच्या ऋतूंचा परिणाम वजाबाकीत निघून जातो आणि उरते ती यंत्राची तब्येत. पहिली वजाबाकी १० वरून १६ झाली तर रेडिएटरवर धूळ आहे किंवा पंखा मंदावलाय, ब्लॉकला हात लावू नका. दुसरी ३२ वरून ४२ झाली तर ब्लॉक चोंदलाय, पंप थकलाय किंवा थर्मल पेस्ट वाळलीय, तेव्हा पाणी काढायची तयारी करा. दोन्ही जागच्या जागी असतील आणि कूलंटची मुदत उरली असेल, तर काहीही उघडायचं कारण नाही.