देवगडातला संगणक, पुण्यातला माउस

आंब्याच्या हंगामात, एप्रिल-मेच्या ऐन धांदलीत, देवगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात एक प्रसंग हमखास घडतो. पेट्या गाडीत चढायच्या असतात, वाशीला बिल पाठवायचं असतं आणि नेमकं तेव्हाच हिशेबाचं सॉफ्टवेअर रुसून बसतं. पुण्यातल्या माणसाला फोन जातो. तो सांगतो, “तो लाल चिन्हाचा प्रोग्रॅम उघडा, वर नंबर दिसतोय तो वाचा.” नंबर वाचला जातो, ‘स्वीकारा’वर क्लिक होतं आणि पडद्यावरचा बाण आपला आपण फिरू लागतो. पेट्या बांधणारा गडी दारातून डोकावतो, “हो बाण आपसूक कसो हलता?” शेजारच्या खुर्चीतला जाणकार सांगून टाकतो, “त्यान आपलो आयपी काढल्यान. आता तो आत शिरलो.”

हे उत्तर साफ चुकीचं आहे, आणि शिकलेसवरलेलेही तेच देतात. देवगडच्या त्या संगणकाचा आयपी पत्ता (जाळ्यावर यंत्र ओळखण्याचा आकडी पत्ता) पुण्याच्या माणसाला कागदावर लिहून दिला, तरी त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. घडतं ते नेमकं उलट: आतला संगणक आधी बाहेर पडतो. कसा, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. बाकीच्या गोष्टी ओघात येतील.

आधी जुजबी ओळख उरकतो. दूरच्या यंत्रावर काम करण्याचे ढोबळ दोन प्रकार. एकात फक्त अक्षरं ये-जा करतात, दुसऱ्यात अख्खा पडदा. अक्षरांच्या प्रकारात पूर्वी टेलनेट वापरत. त्यात पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा, वाटेत कान देऊन बसलेल्या कोणालाही वाचता येईल असा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असेच पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी सगळं संभाषण कूटबद्ध करणारं एसएसएच लिहिलं. त्याला पोर्ट क्रमांक (यंत्रावरच्या कोणत्या सेवेसाठी निरोप आहे हे सांगणारा आकडा) मिळाला २२, कारण २१ फायली पाठवणाऱ्या एफटीपीचा, २३ टेलनेटचा आणि मधली जागा रिकामी होती. आज जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर याच वाटेने सांभाळले जातात. एक कळ दाबली की काही डझन बाइटांचं एक पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पाकीट, जातं, त्यामुळे मोबाइलवर रेंजची एकच कांडी असली तरी काम चालतं. कोकण रेल्वेत बसून मुंबईतला सर्व्हर सांभाळणारे लोक आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला की जोडणी लटकते, पण टीमक्ससारखा प्रोग्रॅम वापरला असेल तर सर्व्हरवरचं काम सुरूच राहतं आणि पलीकडे निघाल्यावर पुन्हा जोडून घेता येतं.

पडद्याच्या प्रकारात मायक्रोसॉफ्टचं आरडीपी आणि केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेतून आलेलं व्हीएनसी ही जुनी नावं, दोन्ही १९९८च्या आसपासची. टीमव्ह्यूअर २००५चं, एनीडेस्क २०१४चं. यांची खरी कसरत म्हणजे चित्र आटोपशीर करणं. १९२० बाय १०८० ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ३० चित्रं, असा गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १५० कोटी बिट होतात. आपल्याकडच्या जोडण्या त्याच्या शंभराव्या हिश्शावरही रडतात. म्हणून पडद्याचा बदललेला तेवढाच तुकडा, तोही दाबून-चेपून पाठवला जातो. हिशेबाच्या पडद्यावर एक आकडा बदलला तर तेवढी चौकट जाते, बाकी सगळं जागच्या जागी.

आता मूळ मुद्दा. देवगडचा संगणक सापडतो कसा?

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. १९८०च्या सुमारास हा आकडा अफाट वाटला असेल. ३ फेब्रुवारी २०११ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. पण ही टंचाई येणार हे आधीच दिसत होतं, म्हणून पळवाटही आधीच काढलेली होती. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरगुती म्हणून राखून ठेवले. ते कोणीही, कितीही घरांत वापरावेत. तुमच्या घरातला संगणक १९२.१६८.१.५ असेल, माझाही तोच असेल. बाहेरच्या जगात हे पत्ते चालतच नाहीत. बाहेर दिसतो तो राउटरचा एकच पत्ता, आणि आतल्या सगळ्यांचा पत्रव्यवहार राउटर आपल्या नावाने करतो. याला नॅट म्हणतात.

गिरणगावातली गावकरी मंडळाची खोली आठवा. पत्ता एक, राहणारे चाकरमानी वीस-पंचवीस. समजा खोलीचा कारभारी इतका काटेकोर आहे की प्रत्येक जाणारं पत्र वहीत मांडतो: कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, पाकिटावर कोणता खूणक्रमांक टाकला. उत्तर आलं की खूणक्रमांक पाहून त्या माणसाच्या हातात देतो. आणि वहीत नोंद नसलेलं पत्र आलं, तर सरळ टोपलीत. राउटरची नॅट-वही अशीच असते, आणि खूणक्रमांक म्हणजे पोर्ट.

या टोपलीमुळेच पुण्याच्या माणसाला देवगडचा आयपी कळूनही उपयोग नसतो. त्याने पाठवलेल्या पॅकेटची नोंद वहीत नाही, म्हणून ते दारातच मरतं. मोबाइलच्या इंटरनेटवर तर दोन वह्या असतात: एक घरातल्या राउटरची, दुसरी कंपनीच्या मोठ्या नॅटची, जिच्यामागे असंख्य ग्राहक एकेका पत्त्याआड राहतात. त्या मधल्या टप्प्यासाठी २०१२ साली १००.६४पासूनचे पत्ते वेगळे राखून दिले. तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही त्या मोठ्या नॅटच्या आत आहात. तिथे घरच्या राउटरवर कितीही खटपट करून पोर्ट उघडा, वरच्या वहीला त्याचा पत्ताच नसतो. कॅमेरे लावणाऱ्या पोरांचे तास यात जातात.

पुण्याचं यंत्रही नॅटमागे आहे. म्हणजे दोन्ही खोल्यांतले लोक पत्र लिहू शकतात, पण न मागता आलेलं पत्र दोघांनाही मिळत नाही. मग बोलणार कसे?

इथे ती युक्ती येते. दोन्ही यंत्रं आधी एका तिसऱ्या, उघड्यावरच्या सर्व्हरला पॅकेट पाठवतात. बाहेर जाणाऱ्या पॅकेटला कोणी अडवत नाही. समजा देवगडचं पॅकेट राउटरमधून बाहेर पडताना २०३.०.११३.७, पोर्ट ४१००२ असं दिसलं, आणि पुण्याचं १९८.५१.१००.२०, पोर्ट ३३०१७ असं. मधला सर्व्हर प्रत्येकाला समोरच्याचं हे बाहेरचं रूप कळवतो. एवढंच त्याचं काम. मग दोघंही साधारण एकाच वेळी एकमेकांच्या त्या पत्त्यावर पॅकेट सोडतात.

आता नीट पाहा. देवगडचं पॅकेट पुण्याच्या दारात पोचतं. तिथे नोंद नसेल तर ते मरतं. पण मरण्याआधी त्याने आपलं काम केलेलं असतं: देवगडहून निघताना देवगडच्या वहीत ‘४१००२वरून पुण्याच्या ३३०१७ला लिहिलं’ अशी नोंद पडली. काही मिलिसेकंदांनी पुण्याचं पॅकेट देवगडच्या दारात येतं. राउटर वही उघडतो, नोंद सापडते, त्याला वाटतं हे आपण लिहिलेल्याचं उत्तर आहे, आणि तो ते आत सोडतो! दोन्ही बाजूंनी असं झालं की थेट वाट तयार. मधला सर्व्हर बाजूला झाला तरी चालतो. दोन्ही दारांतून प्रत्येकी आतल्यानेच भोक पाडलं, बाहेरच्याने काहीही फोडलं नाही. २००५ साली ब्रायन फोर्ड आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीची मोजमापं मांडणारा निबंध लिहिला, पण खेळ आणि गप्पांच्या प्रोग्रॅमांत ती आधीपासून वापरात होती. मी ती प्रथम वाचली तेव्हा कागदावर दोन वह्या आखून शाळकरी पोरासारखी पॅकेटं फिरवून पाहिली होती. तुम्हीही पाहा, पाच मिनिटांत पटते.

पण सगळे राउटर इतके सरळ नसतात. काहींची नॅट-वही दर नव्या ठिकाणाला पत्र गेलं की नवा पोर्ट देते. अशा राउटरबद्दल मधल्या सर्व्हरने कळवलेला पोर्ट फक्त त्या सर्व्हरशी बोलण्यापुरताच खरा. पुण्याशी बोलताना तो बदललेला असणार. पोर्ट सुमारे ६५ हजार, अंदाज कसा लावायचा? एक बाजू अशी हटवादी आणि दुसरी सरळ असेल तर गणित मदतीला येतं. हटवादी बाजूने पुण्याच्या दिशेने एक-दोन नाही, २५६ वाटा उघडायच्या. प्रत्येकीला राउटर वेगळा पोर्ट देईल. आता पुण्याने देवगडच्या पत्त्यावर अंदाजाने पोर्ट निवडून पॅकेटं सोडायची. प्रत्येक पॅकेट लागण्याची शक्यता २५६ भागिले ६५,५३६, म्हणजे २५६त एक. हजारभर पॅकेटं सोडली तर सगळीच चुकण्याची शक्यता २५५/२५६चा सुमारे हजारावा घात, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. तेवीस माणसांत दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते, त्याच जातीचं हे गणित. दोन्ही बाजू हटवादी असतील तर मात्र हात टेकायचे आणि सगळी वाहतूक मधल्या सर्व्हरमार्फत न्यायची. माउस हलवल्यावर बाण अर्ध्या सेकंदाने हलतो, तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.

वहीतली नोंद कायमची नसते, हेही लक्षात ठेवा. काही काळ त्या वाटेने काही गेलं नाही की राउटर ती खोडतो. यूडीपीसाठी (पोच न मागता पॅकेटं सोडण्याची पद्धत) किमान दोन मिनिटं ठेवावी असं मानक सांगतं, पण अर्ध्या मिनिटात खोडणारेही राउटर आहेत. म्हणून दोन यंत्रांत कूटबद्ध खासगी वाट बांधणाऱ्या वायरगार्डसारख्या साधनांत दर २५ सेकंदांनी रिकामं पॅकेट सोडून नोंद जिवंत ठेवण्याची सोय असते. सहाव्या आवृत्तीच्या आयपीत पत्त्यांची टंचाई नाही, भारतातल्या मोबाइल जाळ्यांवर ती भरपूर पसरलीही आहे. तरी ही युक्ती संपत नाही, कारण न मागता आलेलं टोपलीत टाकणारी फायरवॉल तिथेही असते.

आता त्या वाचून दाखवलेल्या नऊ-दहा आकडी नंबराचा अर्थ लागेल. तो आयपी पत्ता नाही. प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून तुमचं यंत्र कंपनीच्या मधल्या सर्व्हरशी आपणहून वाट उघडून बसलेलं असतं, आणि तो नंबर म्हणजे त्या सर्व्हरवरचं त्याचं नाव. पुण्याचा माणूस सर्व्हरला म्हणतो, अमक्याशी गाठ घालून द्या. पुढचं सगळं तुमच्या ‘स्वीकारा’वर.

त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘हे ॲप टाकलंत की फोन हॅक होतो’ हे निरोप मला अर्धवट वाटतात. फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या वापरातून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं, ते रास्तच होतं. पण फसवणूक ॲपच्या पोटात बसलेली नसते. फोनवरचा गोड आवाज नंबर मागतो, तुम्ही देता, तुमचा पडदा त्याला दिसतो आणि त्या पडद्यावर ओटीपी येतो. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडण्यात येईल, या नंबरवर फोन करा’ हे संदेश आठवतात? महावितरणला खुलासे करावे लागले. खरं तर कोकणात असल्या संदेशावर विश्वास बसायलाच नको. आपली वीज आजवर कधी सांगून गेली आहे?

भाबडेपणा दोन्ही टोकांना आहे. एका कार्यालयात राउटरला लिंबू-मिरची बांधलेली पाहिली, आणि त्याच राउटरचा पासवर्ड ‘ॲडमिन’. खंडेनवमीला संगणकाला फूल जरूर वाहा, त्याने बिघडत काही नाही. पण नजर लागते ती पासवर्डला, आणि ती लावणारे प्रोग्रॅम झोपत नाहीत. एसएसएचचा २२ किंवा आरडीपीचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवा, काही तासांत यंत्राच्या नोंदवहीत जगभरातून पासवर्डाचे अंदाज आपटू लागतात. मे २०१९मध्ये आरडीपीतल्या ‘ब्लूकीप’ या भगदाडात तर पासवर्डही लागत नव्हता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. दुसऱ्या टोकाला जाहिरातीतलं ‘मिलिटरी दर्जाचं एन्क्रिप्शन’. ते बहुधा एईएस असतं, अमेरिकेने २००१ साली जाहीर केलेलं खुलं मानक. एसएसएचमध्येही तेच आणि तुमच्या बँकेच्या संकेतस्थळावरही तेच. सर्व्हरला पासवर्डाऐवजी कूटकिल्ल्यांच्या जोडीने (एक गुप्त, एक उघड) प्रवेश द्या, पोर्ट उघडा न ठेवता वायरगार्डच्या आत ठेवा, अद्ययावत करत राहा. मिलिटरीची गरज नाही.

एवढं सगळं जमूनही यंत्र बंद असेल तर काय? मोठ्या सर्व्हरमध्ये मदरबोर्डावर एक वेगळा छोटा संगणकच बसवलेला असतो. मुख्य यंत्र बंद असलं तरी तो जागा, त्याला नेटवर्कची स्वतःची जोडणी, आणि तिथून बटण दाबल्यासारखं यंत्र चालू-बंद करता येतं. साध्या संगणकाला ‘वेक ऑन लॅन’वर भागवावं लागतं: आधी सहा बाइट, ज्यांतले सगळे बिट १, मागून नेटवर्क कार्डाचा सहा बाइटांचा क्रमांक सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. झोपलेलं कार्ड हा ठसा ओळखतं आणि यंत्राला उठवतं. पण हे पॅकेट घरातल्याच जाळ्यावरून यावं लागतं आणि कार्डाला थोडीतरी वीज हवी. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आपटलं, तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तिथे कोणतंही पॅकेट कामाचं नाही. विजेच्या रोजच्या जाण्या-येण्यासाठी मात्र एक उपाय आहे. बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणारं मूळ सेटिंगांचं पान) ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ असं एक सेटिंग असतं. बहुतेक संगणकांत ते ‘बंदच राहा’वर असतं. ते ‘चालू हो’वर करा, आणि राउटरला छोटा यूपीएस लावा. साध्या संगणकात हे सेटिंग सहसा दुरून बदलता येत नाही. कीबोर्डासमोर कोणीतरी बसावं लागतं, म्हणून मे महिन्यातच उरकून घ्या.