मध्यकर्णातील द्रवसंचय व वायुवीजन (बालकांमधील)

कानाच्या पडद्यामागील पोकळीत, तीव्र संसर्गाची लक्षणे नसताना, द्रव साचून राहण्याचा विकार. हा द्रव पातळ किंवा डिंकासारखा चिकट असतो. बहुधा ताप नसतो, ठणकाही नसतो. म्हणून तो महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही. मूल हाकेला ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते, बोलायला उशीर लावते आणि घरचे त्याला हट्टी ठरवतात.

मूळ दोष द्रवाचा नसून हवेचा आहे. मध्यकर्णाचे अस्तर आतली हवा सतत शोषत असते आणि नाकामागे उघडणारी यूस्टेशियन नलिका गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडून ती भरून काढते. लहान मुलांत ही नलिका आखूड व आडवी असते; सर्दी किंवा वाढलेल्या अ‍ॅडिनॉइडमुळे (नाकामागच्या टॉन्सिलसारख्या गाठीमुळे) तिचे काम आणखी बिघडते. हवा पोचली नाही की आतला दाब घटतो, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून द्रव पाझरतो. नलिका उघडणारे स्नायू टाळूचे असल्याने दुभंगलेल्या टाळूच्या मुलांत हा विकार फार आढळतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांतही तो नेहमीचाच.

टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे कानातला दाब बदलून पडद्याची हालचाल मोजणाऱ्या तपासणीत, आलेख सपाट येतो. श्रवणक्षमता साधारण २० ते ३० डेसिबलने घटते. वर्गातल्या गोंगाटात तेवढी घट पुरेशी त्रासदायक ठरते.

बहुतेक मुलांत द्रव आपोआप ओसरतो, म्हणून सुमारे ३ महिने वाट पाहतात. प्रतिजैविके व सर्दीची औषधे यांचा येथे उपयोग नाही, तरी ती सर्रास दिली जातात. समजत्या वयाच्या मुलाला नाकपुडीने खास फुगा फुगवायला लावणे हा निरुपद्रवी उपाय आहे. दाबाने नलिका उघडते.

द्रव दोन्ही कानांत टिकून राहिला आणि ऐकू कमी येत असेल, तर भूल देऊन पडद्याला छेद घेतात, द्रव शोषून काढतात व ग्रोमेट ही इवलीशी नळी बसवतात. नुसता छेद काही दिवसांत भरून येतो. अमेरिकन शल्यचिकित्सक बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी १९५४ मध्ये प्लास्टिकची नळी वापरून ही पद्धत पुन्हा रूढ केली. नळी निचऱ्यासाठी असते असा समज आहे. प्रत्यक्षात ती बाहेरून हवा आत जाऊ देते. साधारण ६ ते १८ महिन्यांत ती आपोआप गळून पडते. मधल्या काळात कान वाहू शकतो, तेव्हा प्रतिजैविक थेंब पुरतात. क्वचित पडद्याला भोक राहते. द्रव पुन्हा साचल्यास, विशेषतः ४ वर्षांवरील मुलांत, अ‍ॅडिनॉइड काढण्याचा विचार होतो.