मिलवॉकीचा जुनो आणि अलास्काचा जुनो

अलास्काची राजधानी जुनो आणि अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराचा पहिला महापौर, फरचा (केसाळ कातड्यांचा) व्यापारी सॉलोमन जुनो, आडनाव एकच. त्यामुळे त्या फर-व्यापाऱ्याच्याच नावानं राजधानी वसली असं वाटतं. तसं नाही.

राजधानी आहे जो जुनोच्या नावाची. तोही सॉलोमनसारखा कॅनडातल्या क्युबेकचा, त्याच्या नात्यातला, पण पुढच्या काळातला आणि सोनं धुंडाळणारा. 1880 मध्ये अलास्कातल्या ट्लिंगिट जमातीचा प्रमुख कोवी यानं त्याला आणि रिचर्ड हॅरिसला सोन्याच्या ओढ्यापर्यंत नेलं. वाट दाखवली कोवीनं, गावाला नाव मिळालं आधी हॅरिसचं आणि मग 1881 मध्ये जुनोचं! जो 1899 मध्ये कॅनडाच्या युकॉनमधल्या डॉसनला वारला. गाव वसवणं, वाढवणं हा त्याचा उद्योग नव्हताच.

सॉलोमनचा होता. 1793 चा जन्म, 1818 मध्ये तो मिलवॉकी नदीकाठी जाक व्हियोच्या फर-व्यापाराच्या ठाण्यावर कारकून म्हणून आला आणि दोन वर्षांत व्हियोचा जावई झाला. पत्नी जोझेट आईकडून मूळनिवासी. या धंद्यात अशी सोयरीक म्हणजे मोठं भांडवल, कारण कापड, भांडी, बंदुकीची दारू आधी उधारीवर द्यायची आणि हंगाम संपल्यावर कातडी गोळा करायची. ओळखीशिवाय वसुली कशी होणार?

1833 च्या शिकागो करारानं पोटावाटोमी या मूळनिवासी जमातीची जमीन गेली, आणि हा व्यापारी जमिनीच्या धंद्याकडे वळला. मॉर्गन मार्टिन या वकिलाच्या भागीदारीत त्यानं 1835 मध्ये नदीच्या पूर्वेला प्लॉट पाडले, ते जुनोटाउन. कोर्टासाठी जागा त्यानं फुकट दिली, 1837 मध्ये वर्तमानपत्रही काढलं. पश्चिमेला बायरन किलबर्न हा प्रतिस्पर्धी. त्यानं रस्ते मुद्दाम असे आखले की ते पूर्वेकडच्या रस्त्यांना जुळूच नयेत. 1845 मध्ये भांडण इतकं पेटलं की पश्चिमेकडच्यांनी एका पुलाचं आपल्याकडचं टोक नदीत पाडलं. मिलवॉकीतले काही पूल आजही नदी तिरके ओलांडतात, ते या हट्टापायी. 1846 मध्ये गावं एक होऊन शहर झालं, सॉलोमन महापौर झाला.

नंतर तो आईच्या नावानं वसवलेल्या थेरेसा गावी राहायला गेला. 1856 मध्ये मेनॉमिनी या मूळनिवासी जमातीच्या केशेना या ठिकाणी तो वारला.