दुसऱ्या बाजूने गेलेले आणि जवळ गेलेले: ख्रिस्ती सेवेची पार्श्वभूमी

येरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. मधला रस्ता जेमतेम २७ किलोमीटरचा. एवढ्याशा वाटेत हजार मीटरची उतरण, दोन्हीकडे उजाड डोंगर आणि वळणावळणावर लुटारूंना दबा धरायला जागा. प्रभू येशूने शेजाऱ्याचा दाखला सांगताना हाच रस्ता निवडला. लुटला गेलेला माणूस अर्धमेला पडला आहे. याजक, म्हणजे यहुदी मंदिरातला पुरोहित, येतो, त्याला पाहतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. मागून आलेला लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही तेच करतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातले ते ‘दुसऱ्या बाजूने’ वाचताना मी दर वेळी थबकतो. दिसले नाही असे दोघांनाही म्हणता येणार नव्हते.

तिसरा आला तो शोमरोनी, म्हणजे शेजारच्या शोमरोन प्रांतातला. यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. गरिज्जीम डोंगरावरचे शोमरोन्यांचे मंदिर योहान हुर्कानस या यहुदी राज्यकर्त्याने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडले होते, आणि ती जखम भरली नव्हती. तरी या माणसाला पाहून त्या शोमरोन्याला कळवळा आला. मूळ ग्रीकमधले क्रियापद आतड्यांसाठी असलेल्या शब्दावरून आले आहे. आपण आतडे पिळवटले म्हणतो ना, तसेच. पण दाखला कळवळ्यापाशी थांबत नाही. तो जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले (म्हणजे पुढची वाट तो स्वतः पायी चालला), उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून दिले. ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारणाऱ्या शास्त्र्याला शेवटी उत्तर द्यावे लागले, तेव्हाही ‘शोमरोनी’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो म्हणाला.

‘कम्फर्ट झोन’ हा शब्द आता प्रवचनांतही सर्रास येतो. तो फार जुना नाही. १९२०च्या दशकात हवा खेळती ठेवण्याचे गणित मांडणारे अभियंते तो वापरत: ज्या तापमानात शरीराला ना उकडते ना थंडी वाजते, तो पट्टा. शब्द नवा असला तरी त्यामागची अडचण पहिल्या मंडळीलाही, म्हणजे आरंभीच्या ख्रिस्ती समाजालाही, पुरती ठाऊक होती. लूकनेच लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा १० वा अध्याय पाहा. येशूचा शिष्य पेत्र यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला आहे. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध असलेले ते घर, कर्मठ यहुद्याने टाळावे असे. म्हणजे अर्धे पाऊल त्याने आधीच टाकले होते. तरी कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमी लष्करी अधिकाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जायला त्याला तीनदा दृष्टान्त व्हावा लागला. प्रेषिताचाही पाय असा अडखळला, हे लूकने लपवले नाही. मला यात मोठा धीर वाटतो.

खरी कसोटी लागली तिसऱ्या शतकाच्या मध्यावर. रोमी साम्राज्यात महामारी पसरली. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या नावाने ती ओळखली जाते. जरा आधीच, इ.स. २५० मध्ये, सम्राट डेसियसने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला होता. अशा वेळी सिप्रियन यांनी आपल्या लोकांना सांगितले की सेवा फक्त आपल्यांची नको, वैऱ्यांचीही करा. आलेक्सांद्रियाचे बिशप डायोनिसियस यांचे पत्र युसेबियसने लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात टिकून आहे. विश्वासणारे आजाऱ्यांपाशी बसत, मेलेल्यांना उचलून मांडीवर घेत, त्यांचे डोळे आणि तोंड मिटत, त्यांना अंघोळ घालत, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणाला तेच करावे लागे, असे ते लिहितात. इतर लोक मात्र आजाराची चाहूल लागताच आपल्याच माणसांना रस्त्यावर टाकत, असेही त्यांनी म्हटले आहे. बिशप स्वतःच्या कळपाबद्दल लिहीत आहेत, तेव्हा ही तुलना थोडी हात राखून वाचावी. पण त्या मिटलेल्या डोळ्यांवर मी विश्वास ठेवतो.

शंभरेक वर्षांनी विरोधकाकडूनच साक्ष मिळाली. जुने देव परत आणू पाहणाऱ्या सम्राट जुलियनने ३६२ मध्ये आपल्या एका प्रमुख पुजाऱ्याला लिहिले की हे गालीलकर (ख्रिस्ती लोकांना तो असे म्हणे) आपल्या गरिबांबरोबर आमचेही पोसतात, आणि आमच्या लोकांना आमच्याकडून मदत मिळत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. पुढे ३६९च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकियात दुष्काळ पडला, तेव्हा तिथले धर्मगुरू बासिल यांनी धान्याची कोठारे उघडायला लावली आणि कैसरीया शहराबाहेर आजारी, वाटसरू आणि कुष्ठरुग्णांसाठी मोठी वसाहत उभारली. त्यांचे मित्र नाझियान्झसचे ग्रेगरी तिला ‘नवे शहर’ म्हणतात. थोर घराण्यातले बासिल कुष्ठरुग्णांना भाऊ म्हणून मिठीत घेत, हेही ग्रेगरीच सांगतात.

आणि इथेच गोष्टीला वळण लागते. आश्रयगृहे झाली, त्यांना दाने मिळू लागली, नेमलेली माणसे आली. मग घरात बसलेल्या विश्वासणाऱ्याला वाटू लागले की मंडळी करते आहे की सगळे! चौथ्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टंटिनोपलचे आर्चबिशप झालेल्या योहान क्रिसोस्तम यांनी यावर खडसावले. याजक प्रार्थना करतात म्हणून तुम्ही करायची नाही का, असे त्यांनी विचारले. प्रत्येकाने आपल्या घरात परक्यासाठी एक खोली राखावी, तिच्यात खाट, मेज आणि दिवा ठेवावा, अशी त्यांची सूचना होती. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे बोलणे आजही बोचते. मंडळीत कोणी आजारी पडले की प्रार्थनेच्या यादीत नाव घालून, पाळक भेटून येतील असे धरून मीही किती वेळा निर्धास्त झालो आहे.

संस्था वाईट असे मला मुळीच म्हणायचे नाही. बासिल यांनी ते ‘शहर’ वसवले नसते तर शेकडो जण उघड्यावर मेले असते. पण व्यवस्था झाली की दुसऱ्या बाजूने जाणे सोपे होते, आणि मग पुन्हा कोणाला तरी रस्ता ओलांडावा लागतो. ११७९ मध्ये रोममध्ये भरलेल्या चर्चच्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने कुष्ठरुग्णांना स्वतंत्र चर्च, दफनभूमी आणि याजक मिळण्याची मुभा दिली. हेतू दयेचा होता, पण त्यामुळे वेगळेपणही पक्के झाले. त्यानंतर काही दशकांतच असिसीचे फ्रान्सिस वेशीबाहेरच्या त्या वस्तीत गेले. १२२६ मध्ये, मरणाआधी सांगितलेल्या मृत्युपत्रात ते कबूल करतात की कुष्ठरुग्ण नजरेस पडणेही त्यांना कडू वाटे. देवाने आपल्याला त्या रुग्णांत नेले, आणि जे कडू होते ते गोड झाले. किळस आधी गेली नाही. ती गेली जवळ गेल्यावर.

फ्रान्समध्ये १६१७ मध्ये व्हिन्सेंट द पॉल या धर्मगुरूंनी चर्चमध्ये एका आजारी कुटुंबाची हकिगत सांगितली. दुपारी ते स्वतः निघाले तर वाटेत बायकांची रीघ, प्रत्येकीच्या हातात खायचे. आज इतके की नासून जाईल आणि उद्या काहीच नाही, हे ओळखून त्यांनी पाळ्या लावून दिल्या. पुढे पॅरिसच्या श्रीमंत स्त्रिया या कामात आल्या आणि काही दिवसांनी आपल्या जागी नोकरांना पाठवू लागल्या. तेव्हा मार्गरित नासो ही खेड्यातली, गुरे राखत वाचायला शिकलेली मुलगी पुढे आली. तिच्यासारख्या मुलींना घेऊन व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकारी लुईझ द मारियाक यांनी १६३३ मध्ये भगिनीसंघ सुरू केला. त्या काळी व्रतस्थ स्त्रियांनी भिंतींच्या आत राहायचे असा नियम होता. व्हिन्सेंट यांनी भगिनींना सांगितले की आजाऱ्यांची घरे हाच तुमचा मठ, भाड्याची जागा हीच तुमची खोली आणि शहराचे रस्ते हेच तुमचे अंगण.

हवाईच्या मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांना सक्तीने नेऊन सोडले जाई. १८७३ मध्ये चार धर्मगुरूंनी तिथे पाळीपाळीने जायचे ठरले. पहिली पाळी बेल्जियमचे फादर डेमियन यांची, आणि ते परतलेच नाहीत. सुरुवातीला जखमांची दुर्गंधी त्यांना असह्य होई, कधी नाक धरून बाहेर धावावे लागे. तो वास झाकण्यासाठी ते पाइप ओढू लागले. मग ते त्याच लोकांबरोबर एका भांड्यात जेवू लागले, त्यांच्या जखमा बांधू लागले, त्यांच्यासाठी शवपेट्या ठोकू लागले. त्यांनाही रोग झाला आणि १५ एप्रिल १८८९ रोजी, ४९व्या वर्षी, ते वारले.

१८८३ मध्ये हवाईहून रुग्णसेवेसाठी भगिनी मागणारी पत्रे गेली, तेव्हा पन्नासहून अधिक संघांनी नकार दिला होता. होकार आला अमेरिकेतल्या मदर मरियान कोप यांचा. मला कुठल्याही रोगाची भीती नाही, असे त्यांनी कळवले. त्या १८८८ मध्ये मोलोकाईला पोहोचल्या आणि डेमियन यांच्या शेवटच्या महिन्यांत त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत होत्या. पुढची तीस वर्षे, १९१८ मध्ये मरेपर्यंत, त्या तिथेच राहिल्या. त्यांना रोग झाला नाही. बेटावरच्या मुलींना त्या रंगीत, त्या वेळच्या फॅशनचे कपडे शिवून देत.